आत्याच्या लॉन्ड्रीतलं घड्याळ

आत्याच्या लॉन्ड्रीची गाडी कधी उशिरा गेली नाही. हे वाक्य आत्या इतक्यांदा आणि अशा ठसक्यात म्हणायची, की कामाला लागलेल्या नव्या माणसाला मशीन कुठून चालू होतं हे कळायच्या आधी ते पाठ झालेलं असायचं. सकाळी हॉस्पिटलची गाठोडी यायची. त्यात चादरी, अभ्रे, ऑपरेशन थिएटरचे हिरवे गाऊन. ते सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून संध्याकाळी सहाच्या गाडीने परत जायचं. बॉयलर रुसो, पाणी कमी येवो, समोरचा रस्ता खणून ठेवलेला असो, गाडी वेळेवर. आत्याला दागिन्यांची हौस नव्हती, फिरण्याची नव्हती. हौस म्हणाल तर ही एवढीच.

खरं म्हणजे ती एकाच मुलीची आत्या होती. भावाची ही मुलगी लहानपणी शाळा सुटली की लॉन्ड्रीत यायची, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून अभ्यास करायची आणि दर दोन मिनिटांनी “आत्या, आत्या” अशी हाक मारायची. ते ऐकून ऐकून धुलाईखात्यातले लोक आत्या म्हणू लागले, मग इस्त्रीवाल्या बायका, मग शेजारचा चहावाला. आत्याहून वयाने मोठे असलेले लोकही तिला आत्या म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

भाची मोठी झाली. पुस्तकं वाचता वाचता चष्मा लागला, चष्म्यामागून आणखी पुस्तकं वाचली, आणि एक दिवस ती पीएच.डी. करायला लागली. विषय काय, असं आत्याने विचारल्यावर ती म्हणाली की लहान उद्योगांमध्ये कामाचं नियोजन कसं चालतं आणि डिजिटल व्यवस्था आली की त्यात काय काय बदलतं, हे तिला शोधायचं आहे. आत्याने थोडा विचार केला.

“म्हणजे दुसरे काम करणार आणि तू बघणार.”

“असंच काहीसं.”

“बघण्याचीही पदवी मिळते हे मला माहीत नव्हतं. आधी सांगितलं असतंस तर माझ्या नणंदेने केव्हाच मिळवली असती.”

भाची हसली. आत्याचा तिच्यावर जीव होता, पण भरवसा वेगळी गोष्ट. ज्या मुलीने एकदा साबणाच्या पाण्याची बादली उचलायला जाऊन ती स्वतःच्या पायांवर ओतून घेतली होती, तिच्या हातून कधी लॉन्ड्रीच्या कामाचं काही होईल, असं आत्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग हॉस्पिटलच्या सिस्टर आल्या. कपड्यांचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं आणि आत्याशी त्यांचा जुना परिचय होता. दोघींचे केस एकमेकींच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले होते. सिस्टरांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि जड आवाजात सांगितलं की हॉस्पिटलचा कारभार आता नव्या पद्धतीने चालणार आहे. प्रत्येक गाठोड्याला बारकोड लागेल. कुठलं गाठोडं धुलाईत आहे, कुठलं इस्त्रीत, कधी पोहोचणार, हे सगळं हॉस्पिटलच्या स्क्रीनवर दिसलं पाहिजे. त्या वेळेवरूनच ऑपरेशनांचं वेळापत्रक ठरणार. काही आठवडे सरावाचे, मग एक दिवस वरचे साहेब स्वतः स्क्रीन बघत बसतील. जमलं तर ठीक. नाही जमलं तर काम गावाबाहेरच्या मोठ्या कंपनीकडे जाईल.

“मी खूप बोलले तुमच्या बाजूने,” सिस्टर म्हणाल्या. “पण त्यांना माझा शब्द नको, स्क्रीन हवी.”

हॉस्पिटलचं काम गेलं तर लॉन्ड्रीत उरणार काय? दोन लहान हॉटेलांचे टॉवेल आणि एका शाळेचे पडदे. अर्ध्याअधिक मशीनांवर कापड टाकून ठेवावं लागलं असतं आणि अर्ध्याअधिक माणसांना घरी बसावं लागलं असतं. पण सिस्टरांसमोर आत्या एवढंच म्हणाली, “आमची गाडी कधी उशिरा गेली नाही. ते स्क्रीनवर दिसायला काय हरकत आहे?”

त्या संध्याकाळी भाचीने सगळं ऐकून घेतलं आणि ही व्यवस्था लावून देण्याचं काम मला दे, असं म्हणाली. प्रबंधासाठी तिला असंच एक ठिकाण हवं होतं, जिथे बदल पहिल्या दिवसापासून बघता येईल. आत्याने तिच्याकडे पाहिलं, बादली आठवली, आणि तरी हो म्हणाली. दुसरं कोणी होतं कुठे? आणि घरचं माणूस असलं म्हणजे चुकल्यावर कान तरी धरता येतो.

भाचीने कामाला सुरुवात केली ती लोकांना विचारण्यापासून. धुलाईखातं बंबकाकांकडे होतं. बॉयलर आणि सगळी धुलाईची मशीनं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि तेही त्या मशीनांच्या शब्दाबाहेर नव्हते. इस्त्री आणि घड्या घालायचं खातं घडीमावशींचं. त्या पूर्वी शिवणकाम करायच्या आणि अजूनही पदराला सुई टोचल्याशिवाय कामावर येत नसत. गाडी चालवायचा तो सावकाश. त्याला हे नाव त्याच्या गाडी चालवण्यावरून पडलं होतं आणि आता त्याच्या आईशिवाय कोणाला त्याचं खरं नाव आठवत नव्हतं. तुम्हाला तुमच्या कामाला किती वेळ लागतो, असं भाचीने प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने विचार करून, छताकडे बघून, जबाबदारीने आकडा सांगितला. भाचीने ते सगळे आकडे नव्या व्यवस्थेत भरले. भिंतीवर मोठी स्क्रीन लागली. धुलाईत, इस्त्रीत आणि गाडीपाशी एकेक छोटी स्क्रीन आणि स्कॅनर. पहिल्या दिवशी गाठोडी आली, बारकोड वाचले गेले आणि स्क्रीनने हिशोब करून सांगितलं की आजचे कपडे हॉस्पिटलला पोहोचतील उद्या दुपारी.

सगळी लॉन्ड्री हसली. बंबकाका म्हणाले की हे यंत्र माझ्यापेक्षा म्हातारं दिसतंय. सावकाशने तर हात जोडले आणि स्क्रीनला म्हणाला, “बाई, तुझ्यापुढे मी म्हणजे विमान.” संध्याकाळी कपडे नेहमीसारखे वेळेवर पोहोचले आणि स्क्रीनवर लाल अक्षरं तशीच जळत राहिली.

आत्या हसली नाही. हॉस्पिटलमध्ये हीच लाल अक्षरं कोणीतरी बघत असणार हे तिला कळत होतं.

भाचीने सगळं पुन्हा तपासलं. स्क्रीन बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावून तपासून घेतलं. बेरीज बरोबर होती, मग चूक आकड्यांत असणार. तेव्हा तिने हातात घड्याळ घेतलं आणि ती मशीनांच्या मध्ये उभी राहू लागली. सकाळी धुलाईत, दुपारी इस्त्रीत, संध्याकाळी गाडीच्या मागे. लोकांना ते काही आवडलं नाही. तिचं नाव घड्याळबाई पडलं. घडीमावशी बायकांना सांगू लागल्या की शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंका, नाहीतर तेही लिहून ठेवतील. ज्या मुलीला इथल्या सगळ्यांनी मांडीवर खेळवलं होतं ती जवळ आली की बोलणं थांबायचं. भाचीला ते लागत असणार. पण ती उभी राहिली, पाय दुखले तरी, चष्म्यावर वाफ धरली तरी. आत्या आपल्या काचेच्या खोलीतून हे सगळं बघत होती आणि या पोरीत इतका चिवटपणा कुठून आला, असं तिच्या मनात येत होतं.

मग एका दुपारी भाची काचेच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

तिने सांगितलं ते असं. बंबकाका धुलाई सांगतात त्याच्या कितीतरी आधी संपवतात. पण धुतलेले कपडे लगेच पुढे देत नाहीत. बॉयलरच्या मागे एक कोपरा आहे, तिथे ते गाठोडं थोडा वेळ ठेवून देतात आणि सांगितलेली वेळ झाली की मगच बाहेर काढतात. घडीमावशींचंही तेच. घड्या तयार असतात, त्यांच्यावर एक जुनी चादर अंथरलेली असते, वरून वाटावं की काम बाकी आहे. सावकाश सहाला निघतो, हॉस्पिटलच्या अलीकडच्या गल्लीत गाडी लावतो, चहा पितो आणि ठरल्या क्षणी फाटकातून आत शिरतो.

“कपडे दिवसातून तीनदा विश्रांती घेतात, आत्या,” भाची म्हणाली. “माणसांपेक्षा जास्त.”

आत्याची कानशिलं तापली. “माझी माणसं कामचुकार आहेत असं म्हणायचंय तुला?”

“उलट. प्रत्येकाने थोडा वेळ राखून ठेवलाय. काही बिघडलं तर गाडी अडू नये म्हणून. आणि आपण लवकर संपवतो हे कळलं तर उद्या तेवढ्याच वेळात मागतील, म्हणून लपवतात. प्रत्येकाला वाटतं की असं आपण एकटेच करतो.” मग ती नजर खाली ठेवून म्हणाली, “आणि ते भिंतीवरचं घड्याळ.”

आत्याने हातातली वही मिटली.

ते घड्याळ धुलाईखात्याच्या दारावर होतं, मोठं, गोल, सगळ्यांना दिसेल असं. लॉन्ड्रीत एकच भाड्याचं मशीन होतं आणि ते रोज काहीतरी नवीन दुखणं काढायचं, त्या काळात आत्याने एकदा स्टुलावर चढून त्या घड्याळाचा काटा पुढे सरकवला होता. पुढे मशीनं वाढली, स्वतःची झाली, पण काटा पुढेच राहिला. सेल बदलताना आत्या स्वतः चढायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. गाडी कधी उशिरा गेली नाही ती या घड्याळामुळे, आणि हे आपल्याशिवाय कोणाला माहीत नाही, हा तिच्या मनातला एक कप्पा होता. तो तिने नवऱ्यालाही कधी उघडून दाखवला नव्हता.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“पहिल्याच दिवशी. घड्याळबाई ना मी.”

आत्याने काचेबाहेर पाहिलं. खाली वाफेत माणसं हलत होती. यांना आता काय सांगायचं? तुमचा कोपरा उघडा करा, तुमची चादर काढा? तिचं स्वतःचं घड्याळ पुढे असताना?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सगळ्यांना मशीनांच्या मध्ये जमवलं. भाषण करायचा तिला कंटाळा होता. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली, घड्याळ खाली उतरवलं आणि सगळ्यांच्या देखत काटा मागे फिरवला. मग ते पुन्हा खिळ्याला लावलं आणि स्टुलावरूनच म्हणाली, “हे मी मुद्दाम पुढे ठेवलं होतं. आजपासून बरोबर चालेल.”

कोणी आश्चर्याने तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनगटावर पाहिलं. मनगटावरची घड्याळं सगळ्यांची बरोबरच होती.

बंबकाका घसा खाकरून म्हणाले, “आत्या, ते पुढे आहे हे मला माहीत होतं. मी मनातल्या मनात वजा करतो.”

“मला वाटलं मलाच माहीत आहे,” घडीमावशी म्हणाल्या.

सावकाश पाठीमागून म्हणाला की त्याला तर कामाला लागल्या दिवशीच कळलं होतं, पण मालकिणीचं घड्याळ चुकतंय हे सांगणारा तो कोण? त्यावर एक दोघी फसकन हसल्या आणि मग सगळेच हसू लागले, आत्यासुद्धा, स्टुलावर उभ्या उभ्या. हसता हसता बंबकाकांनी बॉयलरमागचा कोपरा सांगून टाकला. घडीमावशींनी चादर सांगितली. सावकाशने गल्लीचं नाव सांगितलं आणि तिथला चहा फार चांगला असतो अशी शिफारसही केली.

मग हसणं हळूहळू थांबलं. घडीमावशींचा चेहरा उतरलेला आत्याला दिसला.

“मग आजवर गाडी वेळेवर गेली ती कोणामुळे?” मावशींनी विचारलं. “मला वाटायचं माझ्यामुळे.”

हा प्रश्न त्यांनी एकट्यांनी विचारला खरा, पण तो तिथल्या प्रत्येकाच्या मनात होता. बंबकाका जमिनीकडे बघू लागले. आत्यालाही आपला आतला कप्पा रिकामा झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं प्रत्येकजण रात्री उशीला डोकं टेकताना आपणच लॉन्ड्री तारली असं मानत झोपला होता, आणि आता तो मान वाटून घ्यावा लागत होता.

उत्तर भाचीने दिलं. ती लोकांसमोर बोलायला लागली की तिचा आवाज बारीक व्हायचा, तसा तो आताही झाला. “सगळ्यांमुळे,” ती म्हणाली. “फक्त प्रत्येकाने एकेकट्याने केलं.”

मग तिने आपला बेत सांगितला. प्रत्येकाने खरी वेळ सांगायची, जेवढी लागते तेवढीच. आणि सगळ्यांनी राखून ठेवलेल्या वेळातला थोडा काढून एकाच जागी ठेवायचा, अगदी शेवटी, गाडी निघायच्या आधी. स्क्रीनवर त्याची हिरवी पट्टी दिसेल. ज्याला अडचण येईल त्याने बटण दाबून सांगायचं, पट्टीतला वेळ त्याला मिळेल आणि किती उरला ते सगळ्यांना दिसेल. हॉस्पिटललासुद्धा.

घडीमावशींना ते चटकन पटलं. शिवणीत आत थोडं कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. ती प्रत्येक शिवणीत ठेवली तर झगा अंगावर पोत्यासारखा लोंबतो, एका ठिकाणी नीट ठेवली तर बसतो छान आणि पुढे वाढवताही येतो, असं त्यांनी बायकांना समजावलं. तेव्हापासून त्या हिरव्या पट्टीला लॉन्ड्रीत माया म्हणू लागले.

बंबकाकांना मात्र ते पटलं नव्हतं. शेवटी त्यांनी सरळ आत्याकडे बघून विचारलं. “आज आम्ही खरं सांगू. उद्या तुम्ही म्हणाल, पट्टी रोज शिल्लक राहते, मग आणखी गाठोडी घेऊ. मग काय करायचं?”

हा प्रश्न पुस्तकातला नव्हता, रोजच्या जगण्यातला होता, आणि तो ऐकून आत्याला राग येण्याऐवजी बरं वाटलं. “त्या पट्टीला कात्री लावायची नाही,” ती म्हणाली. “मीसुद्धा नाही. आणि मी लावायला लागले तर काका, तुम्ही मला याच स्टुलावर उभं करा.”

काकांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ.

खरे आकडे भरल्यावर स्क्रीन शहाण्यासारखी वागू लागली. सवय मात्र लगेच जात नव्हती. बंबकाका गाठोडं घेऊन दोनदा बॉयलरमागे गेले आणि तिथून ओशाळून परत आले. सावकाश हॉस्पिटलमध्ये इतक्या लवकर पोहोचला की फाटकावरच्या माणसाने त्याला, गाडी चोरीची तर नाही ना, असं विचारलं.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी साहेब स्क्रीनसमोर बसणार होते.

सकाळ सुरळीत गेली. दुपारी कपडे वाळवायच्या मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. मोठा आवाज झाला, ड्रम फिरायचा थांबला आणि ओल्या गाऊनांचा एक ढीग आत तसाच पडून राहिला. आत्याने काचेतून पाहिलं. बंबकाका मशीनपाशी उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला पान्याची पेटी होती आणि उजव्या हाताला स्क्रीन. आत्याला त्यांच्या मनातलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, कारण तेच तिच्याही मनात होतं. गुपचूप दुरुस्त करावं, कोणाला कळू देऊ नये, तेवढ्यात होऊन जाईल. आजवर असंच तर केलं. आणि नेमकं आज, साहेब बघत असताना, आपल्याच हाताने आपली अडचण जगाला दाखवायची?

काकांनी बटण दाबलं.

भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवी पट्टी पिवळी झाली आणि हळूहळू आखूड होऊ लागली. आत्याचा हात फोनकडे गेला. सिस्टरांना सांगावं, काही नाही, किरकोळ आहे, काळजी करू नका. हात फोनवर पोहोचला आणि तिथेच थांबला. काकांनी खरं सांगितलं होतं. त्यांच्या खऱ्यावर आपण खोट्याची चादर अंथरायची का? तिने हात मागे घेतला आणि जिना उतरून खाली गेली.

खाली कोणीही कोणाला बोलावलं नव्हतं आणि सगळे आले होते. पट्टी आखूड होताना सगळ्यांनाच दिसत होती. घडीमावशींनी आपल्या बायका लावून मागच्या अंगणात दोऱ्या बांधायला घेतल्या. सावकाश पट्टा आणायला बाजाराकडे निघाला आणि फाटकातून ज्या वेगाने वळला तो पाहून चहावाला दुकानाबाहेर आला. भाची स्क्रीनसमोर उभी होती. वाळवायचं दुसरं मशीन लहान होतं, त्यात सगळं मावणार नव्हतं. गाऊन आधी घालायचे की चादरी, हे ठरवायचं होतं. एवढ्यात हॉस्पिटलच्या बाजूने स्क्रीनवर सिस्टरांचा निरोप उमटला. गाऊन आजच हवेत, चादरी उद्या दुपारपर्यंत चालतील.

आत्याने तो निरोप दोनदा वाचला. “चालतील? चादरी सहाच्या गाडीने आल्या नाहीत तर आभाळ कोसळेल असं या बाई मला इतकी वर्षं सांगत आल्यात.”

“त्यांनीही माया ठेवली होती,” भाची म्हणाली, आणि त्या घाईतही दोघी हसल्या.

लहान मशीनमध्ये गाऊन गेले. चादरी अंगणातल्या दोऱ्यांवर चढल्या. पट्टा आला, काकांनी बसवला, ड्रम पुन्हा फिरू लागला. भाची एका यादीतून दुसऱ्या यादीत गाठोडी हलवत होती, कोणाला काय द्यायचं ते सांगत होती, आणि आता तिचा आवाज बारीक नव्हता. मशीनांच्या आवाजावरून तो सरळ पलीकडे पोहोचत होता. एकदा तर तिने ओल्या चादरींचं टोपलं स्वतः उचललं आणि थेंबही न सांडता अंगणात नेलं. आत्याने ते पाहिलं. त्या टोपल्याकडे तिच्याशिवाय कोणाचं लक्ष नव्हतं, पण आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सहाच्या ठोक्याला गाडी निघाली. पट्टीत नखाएवढा हिरवा तुकडा उरला होता.

सगळे फाटकात उभे राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत होते. आणि एका अर्थी ते खरंच होतं. रोज गाडी निघताना प्रत्येकजण मनात म्हणायचा, मी पाठवली. आज कोणालाच तसं म्हणता येत नव्हतं, आणि तरी सगळ्यांच्या माना नेहमीपेक्षा ताठ होत्या. घडीमावशींनी पदराने डोळे पुसले आणि वाफेमुळे पाणी येतं असं सांगितलं. फाटकात वाफ नव्हती.

थोड्या वेळाने सिस्टरांचा फोन आला. साहेबांनी सगळं पाहिलं होतं, पट्टी आखूड होतानाही. त्यांना ते आवडलं होतं का, असं आत्याने विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या की ते फारसं बोलत नाहीत, पण काम तुमच्याकडेच राहणार. मग त्या म्हणाल्या, “रोज सहा वाजले की मी दारात येऊन रस्त्याकडे बघत उभी राहते. आज राहिले नाही. कुठवर आलंय ते मला दिसत होतं.”

आत्याने फोन ठेवला. गाडी उशिरा गेली नाही हे तिला नेहमी माहीत असायचं. दारात कोणी उभं असतं, हे माहीत नव्हतं.

पुढे भाचीचा प्रबंध पूर्ण झाला. लिहिण्यापूर्वी तिने आत्याला विचारलं होतं, घड्याळाचं लिहू का? बॉयलरमागच्या कोपऱ्याचं, चादरीचं? नावं देणार नाही, पण ओळखणारे ओळखतील. आत्याने तो प्रश्न लॉन्ड्रीसमोर ठेवला. बंबकाका म्हणाले, लिहा, पण कोपरा स्वच्छ होता हेही लिहा.

व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी विद्यापीठातल्या त्या लांबट खोलीत मागच्या रांगेत आत्या, काका, मावशी आणि सावकाश असे चौघे इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते. त्या खोलीत त्यांच्याइतकी कडक इस्त्री कोणाचीच नव्हती, हे घडीमावशींनी आल्या आल्या पाहून घेतलं होतं. भाची बोलत होती. त्यातलं अर्धं आत्याला कळलं नाही, पण भिंतीवर चित्र आलं तेव्हा ती ओळखीची वाट होती. धुलाई, वाळवण, इस्त्री, गाडी, आणि शेवटी हिरवी पट्टी.

बोलून झाल्यावर परीक्षकांपैकी एका वयस्क गृहस्थांनी चष्मा काढून विचारलं की हे सगळं तुमच्या स्क्रीनमुळे झालं असं म्हणता येईल का? माणसांनी एकमेकांना खरं सांगितलं असतं तर स्क्रीन नसतानाही झालं असतं की. मग तंत्रज्ञानाने नेमकं काय केलं?

आत्याचा जीव टांगणीला लागला. हा प्रश्न वाकडा आहे एवढं तिला कळलं. भाचीने एकदा मागच्या रांगेकडे पाहिलं.

“झालं असतं, सर,” ती म्हणाली. “पण खरी वेळ किती, असं त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. सगळे विचारायचे, सहापर्यंत होईल ना? स्क्रीनला खोट्या आकड्यांनी हिशोब जमेना, म्हणून मला विचारावं लागलं. विचारण्याचं काम तिने करायला लावलं. सांगण्याचं काम त्यांनी केलं. ते मागे बसलेत.”

खोलीतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. सावकाश उगाचच उभा राहिला आणि मावशींनी त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. आत्या मात्र मान वर करून सगळ्यांकडे बघत राहिली. बघण्याचीही पदवी मिळते म्हणून तिने एकदा थट्टा केली होती. आता तिला वाटलं की बघावं तर असं, मायेच्या माणसांकडेही डोळे उघडे ठेवून, आणि तरी त्यांना कमीपणा येऊ न देता. हे आपल्याला कधी जमलं नव्हतं. या पोरीला जमलं.

परीक्षकांनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. आत चर्चा होईल, निकालाला तासभर तरी लागेल, असं ते गृहस्थ म्हणाले. बाहेर व्हरांड्यात भाची भिंतीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तास कसा काढायचा ते तिला कळेना.

बंबकाकांनी बंद दाराकडे एकदा नीट पाहून घेतलं, बॉयलरकडे बघावं तसं.

“तासभर काही लागत नाही,” ते म्हणाले. “त्यांनी माया धरून सांगितलंय.”

“किती लागेल?” आत्याने विचारलं.

“चहा घ्यायला जाऊ नका एवढंच सांगतो.”

सावकाश तरी चहाच्या दिशेने निघालाच. तो व्हरांड्याच्या टोकापर्यंतही पोहोचला नसेल, इतक्यात मागे दार उघडलं, आणि ते वयस्क गृहस्थ स्वतः बाहेर आले. त्यांनी काही बोलण्याआधीच भाचीपुढे हात केला होता.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “या, आत या. आणि तुमच्या माणसांनाही घेऊन या.”